खडूच्या गोलातला साहेब

एप्रिलात मला प्रमोशन मिळालं, म्हणजे पगार अठराशे रुपयांनी वाढला आणि मी दिसलो की लोकांचं हसणं बंद व्हायला लागलं. चाकण एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे मी, पत्र्याचे ब्रॅकेट पाडतो आम्ही. नऊ वर्षं ज्यांच्यासोबत कॅन्टीनच्या एकाच टेबलावर बसून डाळीला नावं ठेवली त्यांचाच आता मी साहेब. साहेब व्हायचं कसं हे काय कुणी शिकवत नाही, म्हणून एचआरच्या मॅडमनी दोन दिवस लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टला ट्रेनिंगला धाडलं. दुपारी पनीर, संध्याकाळी भजी, आणि मधल्या वेळात टाय लावलेला ट्रेनर सांगणार की लीडरशिप म्हणजे पद नाही, सवयी. मी सगळ्या सवयी वहीत उतरवून आणल्या.

पहिली सवय ऐकून घ्यायची. समोरचा बोलला की लगेच तोंड उघडायचं नाही, मनात पाच आकडे मोजायचे आणि मग बोलायचं. सोमवारी सकाळी एक ऑपरेटर आला, "साहेब, शुक्रवारी सुट्टी पाहिजे, मेव्हणीचं लग्न आहे." मी त्याच्याकडे बघत मोजायला लागलो. दोनला तो म्हणाला, हाफ डे दिला तरी चालेल. चारला म्हणाला, राहू द्या साहेब, तसंही त्यांच्याकडचं जेवण काय खास नसतं. आणि गेला पण! मला प्रेस लाइनमधून त्याच्या मागे पळत जाऊन सुट्टी द्यावी लागली.

दुसरी सवय कौतुकाची. नुसतं "छान" म्हणायचं नाही, नेमकं काय छान ते सांगायचं आणि चारचौघांत सांगायचं. ठेकेदाराकडचा एक पोरगा आहे, हुशार आहे, त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, काल तू पहिला पीस गेजवर दोनदा लावून बघितलास म्हणून आख्खा लॉट वाचला. पोरगं पांढरं पडलं. नंतर मशीनजवळ येऊन हळूच विचारतंय, "सर, काढताय का मला?" आमच्याकडे चांगलं फक्त निरोप समारंभात बोलतात ना, त्याची काय चूक.

पण खरी मजा पुढे आहे. टोयोटात ताइची ओहनो म्हणून होते, त्यांची टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिम आज जगभर शिकवतात. ते म्हणे इंजिनियरला शॉपमध्ये नेऊन जमिनीवर खडूने गोल काढायचे, त्यात उभं करायचे आणि सांगायचे, बघ. तासन्‌तास नुसतं बघ. त्या शॉपला गेम्बा म्हणतात, म्हणजे जिथं खरं काम चालतं ती जागा. मला हे लई आवडलं. मी पण खडू आणला, तीन नंबर प्रेससमोर गोल काढला आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

पाच मिनिटांत बातमी पार पेंट शॉपपर्यंत. एकाने विचारलं वास्तूचं काही आहे का. फोर्कलिफ्टवाला हॉर्न मारतोय, मी हलत नाही, शेवटी तो उतरून म्हणाला सर गोल काढा हो, पण आमच्या रस्त्यात नका काढू. मग दोन पावलं सरकून नवा गोल काढला, तर हाउसकीपिंगच्या मावशी मॉप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पाय उचला." पण एक सांगतो, त्या अर्ध्या तासात मला दिसलं की हेल्पर रिकामी क्रेट आणायला दरवेळी 22 पावलं जातो आणि 22 पावलं परत येतो, दिवसभर. नऊ वर्षं मी त्याच्या शेजारून गेलोय. क्रेटची ट्रॉली उचलून प्रेसला चिकटवली, काम दहा मिनिटांचं.

या यशाने डोकं फिरलं आणि मी शेवटच्या सवयीवर आलो. पाच वेळा "का" विचारायचं. ही पण टोयोटाचीच, साकिची टोयोदांच्या नावावर सांगतात. त्या माणसाने धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला होता, आमच्याकडे बेअरिंगमधून धूर आला तरी आधी टार्गेट विचारतात. असो. त्या आठवड्यात ब्रॅकेटला बर, म्हणजे कापलेल्या कडेला खरखरीत कंगोरा, येत होता, रिजेक्शनचा लाल डबा भरून वाहत होता. मी सगळ्यांना व्हाइटबोर्डजवळ बोलावलं, हेल्परच्या हातात मार्कर दिला आणि ट्रेनरच्या आवाजात विचारलं, बर का येतोय?

"डायला धार नाही," मामा म्हणाले. मामा डाय सेटर, म्हणजे पत्रा कापायचा साचा प्रेसवर बसवणारे, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, कुणाला घाबरत नाहीत.

धार का नाही? ग्राइंडिंग झालं नाही. का नाही झालं? डाय टूल रूमला गेलीच नाही. का नाही गेली? लाइन बंद ठेवायला परवानगी मिळाली नाही.

मी जोरात, "का नाही मिळाली?"

मामांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला. 12 तारीख, रात्री 9:40. "डिस्पॅच आहे, डाय राहू द्या, पुढच्या आठवड्यात बघू." खाली अंगठा. पाठवणारा मी.

कुणी हसलं नाही हेच जास्त लागलं. हेल्पर प्रामाणिक पोरगा, त्याने जे ऐकलं ते बोर्डवर रकान्यात लिहून टाकलं आणि आम्ही कामाला लागलो. दुपारी प्लांट हेड राउंडला आले. बोर्डसमोर थांबले. मूळ कारण: साहेब. कारवाई: ग्राइंडिंगला पाठवणे. तारीख: ताबडतोब.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कधी पाठवताय?"

मी मनात मोजायला सुरुवात केली. तीनपर्यंत आलो असेन, मागून मामांचा आवाज आला, "आज डाय जाईल सर. साहेबांचा नंबर उद्या लागंल, टूल रूमला गर्दी आहे."