काचेला नंबर

काल स्टॉक व्हेरिफिकेशनला आलेल्या साहेबांनी लेसर मायक्रोस्कोपच्या खोलीत शिरल्या शिरल्या ट्यूबलाइट लावली. "काळोखात काय करतां, बाय?"

मी डिटेक्टर लावत होते. एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपणारी ती नळी; व्होल्टेज चढवलेलं असताना खोलीतला उजेड आत शिरला तर कामातून जाते. धावत जाऊन व्होल्टेज उतरवलं. तोवर साहेबांनी टेबलावरचा फिल्टर उचलला होता. बोटं थेट काचेवर, आणि बोटांना कँटीनच्या भज्यांचं तेल.

"हे काय?"

"एमिशन फिल्टर. प्रकाश अडवतो."

त्यांनी यादीचं मागचं पान उलटलं. "आणि लेसर?"

"तो प्रकाश टाकतो."

"एक टाकायला, एक अडवायला? एकाच बजेटातून?"

सगळा नाही अडवत, म्हटलं. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेसर पेशीवर टाकला की तिच्यातलं प्रथिन हिरवं चमकतं. (मूळचं जेलीफिशचं. त्याच्यावर २००८चं नोबेल दिलं. आपल्या किनाऱ्यावर जेलीफिशच्या वाट्याला फक्त शिव्या.) पण ते हिरवं इतकं क्षीण, की परतणाऱ्या निळ्यात ते शोधणं म्हणजे शिगम्याच्या ढोलांत डास ऐकणं. म्हणून फिल्टर ५०० ते ५५० तेवढं सोडतो आणि निळं दहा लाखांत एक भागावर आणतो.

"मग सरळ हिरवाच टाका ना!"

"मग आपला कुठला आणि पेशीचा कुठला, कळणार कसं? निळा शोषताना थोडी ऊर्जा जाते, उरलेली हिरवी होऊन बाहेर पडते."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे मधे तूट आहे."

"आहे."

"दाखवावी लागेल."

मग स्टिकर. वस्तूवर नंबर हवाच. डबीवर लावा, म्हटलं. "डबी वेगळी, वस्तू वेगळी." २५ मिलिमीटरची काच, स्टिकर तिच्याहून मोठा. शेवटी तो दुमडून धातूच्या कड्यावर चिकटवला, नेमका बाणावर. फिल्टर कुठल्या बाजूने बसवायचा हे सांगणारा तो एवढासा बाण. त्याची दिशा लेसरकडे की लेसरपासून, यावर आधीच कंपन्यांचं एकमत नाही. आता तो दिसतही नाही.

भिंगांवर बुरशी चढते म्हणून डीह्युमिडिफायर मागून पावसाळा संपत आला. ती फाइल अजून सहीला आहे. स्टिकर मात्र त्याच दिवशी.

जाता जाता साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "पिनहोल, १ नग. दाखवा."

अमेरिकन शास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्कीने १९५७ साली या जातीच्या मायक्रोस्कोपच्या पेटंटचा अर्ज केला तो याच्याच जोरावर: नमुन्याच्या नको त्या थरातला धूसर प्रकाश गाळणारं बारीक भोक. ते यंत्राच्या पोटात असतं, दिसत नाही, असं मी सांगितलं.

"वस्तू काय आहे पण?"

"भोक."

त्यांनी शांतपणे लिहिलं: 'आढळली नाही'. सोमवारपर्यंत माझा लेखी खुलासा हवाय.