कोरियात क्लास नसतात, हे खरं नाही

गेला आठवडाभर कोरियाच्या शिक्षणाबद्दलचा एक मेसेज सगळ्या फॅमिली ग्रुपांत फिरतोय, माझ्याकडे तीन वेळा आला. त्यात लिहिलंय की दक्षिण कोरियात बारावीपर्यंत शिक्षण फुकट, प्रायव्हेट क्लास नाहीत, मुलं रात्री दहापर्यंत शाळेतच अभ्यास करतात, शेवटी एकच परीक्षा जिच्यात श्रीमंत-गरीब सगळे सारखे, त्या दिवशी देश विमानंसुद्धा थांबवतो, आणि सरकारने स्पर्धा अशी कडक ठेवली म्हणूनच तो देश पुढे गेला. मी नोकरीनिमित्त पाच वर्षं सोलजवळच्या सुवॉनला राहिले, शेजारच्या घरातल्या मुलीची हायस्कूलची तिन्ही वर्षं डोळ्यांसमोर गेली, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी जे खरं आहे ते. विमानांचं खरं आहे. सुनुंग म्हणतात त्या युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या परीक्षेला, नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी असते, आणि इंग्रजीचा ऐकण्याचा पेपर चालू असताना ३५ मिनिटं देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. शेअर बाजार एक तास उशिरा उघडतो, ऑफिसं उशिरा सुरू होतात, उशीर झालेल्या मुलाला पोलीस गाडीवरून सेंटरला सोडतात. पण याला नुसता शिक्षणाचा सन्मान म्हणणं मला पटत नाही, यामागे भीती पण आहे, कारण एका मिनिटाच्या गडबडीवर मुलाचं वर्ष जाऊ शकतं. २०२३ ला सोलच्या एका सेंटरवर घंटा दीडेक मिनिट आधी वाजली तर मुलांनी सरळ सरकारवर केस टाकली.

फुकट शिक्षण, हे अर्धं खरं. हायस्कूलची फी माफ व्हायला २०१९ मध्ये सुरुवात झाली आणि तिन्ही इयत्तांना ती लागू झाली २०२१ मध्ये, त्याआधी सरकारी हायस्कूललासुद्धा पालक फी भरायचे. आणि आजही ज्या खास स्वायत्त प्रायव्हेट शाळा आहेत त्यांची फी पालकच भरतात.

आता क्लास नाहीत हा मुद्दा, आणि इथे मात्र मेसेज लिहिणाऱ्याने कमाल केलीये, कारण क्लास नसलेला कोरिया मला तरी कुठे दिसला नाही. क्लासला तिथे हागवॉन म्हणतात. सोलच्या गंगनाममध्ये देची-दोंग नावाचा भागच हागवॉनसाठी प्रसिद्ध आहे, लोक मुलांसाठी तिथे घर बदलून राहायला जातात. सरकारचेच २०२४ चे आकडे घ्या: शाळेतल्या १०० पैकी ८० मुलं कुठली ना कुठली शिकवणी लावतात आणि वर्षाचा एकूण खर्च २९.२ लाख कोटी वॉन, म्हणजे साधारण पावणेदोन लाख कोटी रुपये. शिकवणीला जाणाऱ्या हायस्कूलच्या मुलामागे महिन्याला सरासरी ७ लाख ७२ हजार वॉन, आपले सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार रुपये. शेजारच्या काकूंना, म्हणजे त्या मुलीच्या आईला, दोन मुलं, त्या दुपारी एका सुपरमार्केटमध्ये काम करायच्या आणि तो सगळा पगार हागवॉनला जातो असं त्यांनीच मला सांगितलं होतं. सगळ्यात जास्त कमावणारी घरं सगळ्यात कमी कमावणाऱ्या घरांच्या तिप्पट खर्च करतात, मग श्रीमंत-गरीब सारखे कुठे राहिले? पेपर सारखा असतो, पेपरपर्यंतचा रस्ता सारखा नसतो.

रात्री दहापर्यंत शाळेत, हे जुनं चित्र आहे. 'याजा' म्हणजे शाळेत बसून करायचा रात्रीचा अभ्यास, तो पूर्वी जवळजवळ सक्तीचाच होता. पण सुवॉन ज्या ग्योंगी प्रांतात येतं तिथे २०१० मध्ये विद्यार्थ्यांच्या हक्कांचा नियम झाला आणि अशी सक्ती करायला बंदी आली. ती मुलगी पाचच्या आत शाळेतून सुटायची, कोपऱ्यावरच्या दुकानात त्रिकोणी किंबाप (शेवाळात गुंडाळलेला भात) खायची आणि तिथूनच हागवॉनला. हागवॉन दहाला बंद करावे लागतात असा तिथे कायदा आहे, सोलमध्येही आहे, त्यामुळे सव्वादहाला ती मला लिफ्टमध्ये भेटायची. पाठ आरशाला टेकलेली, हातात इंग्रजी शब्दांची छोटी वही, मला मान झुकवून नमस्कार करायची आणि नवव्या मजल्यापर्यंत परत ओठ हलायला लागायचे. दप्तर बदलून ती अर्ध्या तासात पुन्हा खाली, रीडिंग रूमला, साडेबारा-एकपर्यंत. दहाचा कायदा हागवॉनला आहे, मुलीला नाही.

एकच परीक्षा हा सगळ्यात मोठा गैरसमज. ऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रवेश 'सुशी' नावाच्या मार्गाने होतात, त्याचे अर्ज सप्टेंबरमध्येच जातात, एकाला सहा अर्जांपर्यंत करता येतात आणि त्यात मुख्य बघतात ते शाळेतले तीन वर्षांचे ग्रेड. सुनुंगच्या मार्कांवरचा मार्ग वेगळा, त्याला जोंगशी म्हणतात, तो बाकीच्यांसाठी. फक्त सोलच्या १६ मोठ्या युनिव्हर्सिट्यांना सरकारने २०१९ मध्ये सांगितलं की निदान ४० टक्के सीट सुनुंगवर भरा. आणि शाळेतले ग्रेड कसे मिळतात ते समजून घ्या, कारण खरा ताण तिथे आहे. मी तिथे होते तेव्हा नऊ ग्रेड होते आणि पहिला ग्रेड फक्त वरच्या ४ टक्क्यांना. एका विषयाला १०० मुलं असली तर चारच जणांना. पेपर सोपा निघाला आणि वर बरोबरीत खूप मुलं आली तर पहिला ग्रेड कुणालाच नाही. त्या मुलीला गणितात ९६ पडले होते आणि ग्रेड दुसरा आला, काकू सांगताना रडल्या. पुढचा नंबर शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचा, मग नोट्स द्यायच्या की नाही हा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीला पडतो. हे असं रोज, तीन वर्षं. २०२५ पासून हायस्कूलला आलेल्या बॅचला पाच ग्रेड केलेत, वरच्या १० टक्क्यांना पहिला, आणि विषय निवडून १९२ क्रेडिट पूर्ण करायचे, म्हणजे सरकारला पण हे जाचक वाटलंच ना.

तसंच एकच संधी असतेय असंही नाही. नोव्हेंबर २०२४ च्या सुनुंगला सव्वापाच लाखांच्या आसपास अर्ज होते आणि त्यातले १ लाख ६० हजारांहून जास्त शाळा आधीच संपवलेल्यांचे, आपल्याकडे ड्रॉपर म्हणतात तसे.

राहिला शेवटचा मुद्दा, सरकारने स्पर्धा कडक ठेवली. इतिहास बरोबर उलटा आहे. पूर्वी तिथे सहावीनंतरच मिडल स्कूलची प्रवेश परीक्षा असायची. १९६४ ला एक प्रश्न आला, की 'यॉत' नावाची चिक्की करताना माल्टच्या जागी काय चालेल. बोर्डाचं उत्तर एक, पण मुळ्याचा रस हा पर्यायही बरोबर होता. पालकांनी खरोखर मुळ्याच्या रसात यॉत शिजवली, भांड्यासकट शिक्षण खात्यात नेली, कोर्टात गेले आणि जिंकले. ती परीक्षाच १९६९ ला सोलमध्ये बंद झाली, १९७४ पासून सोल-बुसानमध्ये हायस्कूलची प्रवेश परीक्षा जाऊन चिठ्ठीने शाळा मिळायला लागली, १९८० ला तर शिकवण्यांवर बंदीच आणली जी २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केली, आणि २०२३ मध्ये सुनुंगमधले 'किलर', म्हणजे अतिअवघड, प्रश्न काढून टाका म्हणून राष्ट्राध्यक्षांना सांगावं लागलं. पन्नासहून जास्त वर्षं हा देश मुलांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला धडपडतोय, पुरतं जमलेलं नाही. २०११ पासून ९ ते २४ वयातल्या मुलांच्या मृत्यूंचं पहिलं कारण आत्महत्या आहे, हे तिथलं सरकारच दरवर्षी छापतं. मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.

परीक्षेच्या दिवशी कॅन्टीन नसतं, डबा घरून न्यायचा. काकूंनी पहाटे चारला उठून डबा केला, समुद्री शेवाळाचं सूप मुद्दाम टाळलं कारण ते निसरडं, पोरगी घसरेल अशी समजूत, आणि मग संध्याकाळी ती बाहेर येईपर्यंत गेटसमोर उभ्या राहिल्या.

तो मेसेज माझ्या मावसभावाने त्याच्या बारावीतल्या लेकीला 'बघ, शीक काहीतरी' असं लिहून पाठवला होता, मला तो तिच्याकडूनच आला. दादा, आता हे पण तिला पाठव.