भाषणापेक्षा ती सकाळ लक्षात राहिली
एका कॉलेजच्या पदवीदानाच्या भाषणात तिथल्या प्राचार्यांनी 'नोकरी मिळाली तरी समाजाचं भान सोडू नका' असं मुलांना सांगितल्याचं एका लेखात वाचलं. पटलं. पण हे भान सवयीतून येतं, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते फार आधी ओळखलं होतं. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह, आणि १९४७ साली तिथेच 'कमवा आणि शिका' तत्त्वावरचं छत्रपती शिवाजी कॉलेज. श्रमाची लाज वाटू नये म्हणून केवढी खटपट!

मी दुसऱ्या एका कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेत होतो. सकाळी सहाला रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या आणि नखांतली माती तशीच घेऊन तासाला बसायचं. एकदा आमचे प्राचार्य आले, बाह्या दुमडून शेजारी उकिडवे बसले आणि अर्धा तास माती भरत राहिले. बोलले काहीच नाहीत. त्यांची भाषणं विसरलो, ती सकाळ नाही विसरलो.

आज माझ्या दुकानात कॉलेजची दोन मुलं संध्याकाळी काम करतात. परीक्षा आली की त्यांना सुट्टी देतो, पगार न कापता.