लेझरनं अणुकेंद्रक मोजताच येत नाही म्हणे! येतं, आणि मोजलंय

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्यात म्हटलंय की लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी अणुकेंद्रकाच्या कोट्यवधी पट मोठी असते, म्हणून नोबेलियमसारख्या जड अणूच्या केंद्रकाची साइज आणि शेप लेझरनं मोजला हे धादांत खोटं आहे. वर अजून, असले अणू मिनिटभरही टिकत नाहीत आणि बनतात ते पण मोजकेच, मग आकडे येतात ते कॉम्प्युटरमधूनच, केंद्रक तर गोलच असतं, आणि या सगळ्याचा उपयोग शून्य. विज्ञान आवडणारी, हुशार माणसं हे पुढे ढकलतायत याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा तरंगलांबीचा. आकडेमोड बरोबर आहे. नोबेलियमसाठी वापरलेला लेझर साधारण ३३४ नॅनोमीटरचा आणि केंद्रकाचा व्यास १५ फेम्टोमीटरच्या आसपास (नॅनोमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोमीटर), म्हणजे दोन कोटी पटींचा फरक झाला. पण केंद्रकाचा फोटो काढलाय असं कोणी म्हटलंच नाहीये. लेझर इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीत ढकलतो, केंद्रकाला हातही लावत नाही. आता अणूतले काही इलेक्ट्रॉन, ज्यांना एस म्हणतात ते, थोडा वेळ चक्क केंद्रकाच्या आत असतात, आणि आत असताना त्यांना जी ओढ बसते ती सगळा चार्ज एका बिंदूत असता तर बसली असती त्यापेक्षा कमी असते, म्हणून केंद्रक जितकं मोठं तितका हा इलेक्ट्रॉन किंचित सैल बांधलेला, आणि तो उचलायला लागणारी फ्रिक्वेन्सीही किंचित सरकते. हलक्या अणूंमध्ये हा परिणाम केंद्रकाच्या वजनामुळे होणाऱ्या बदलात बुडून जातो, जड अणूंमध्ये मात्र तोच वरचढ ठरतो. म्हणजे जिथे जमणार नाही असं मेसेज म्हणतोय, तिथेच ही पद्धत सगळ्यात चांगली चालते! नोबेलियम-२५२ आणि २५४ हे समस्थानिक आहेत, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त, आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक साधारण १० गिगाहर्ट्झ आहे, आणि मूळ फ्रिक्वेन्सी जवळपास ९ लाख गिगाहर्ट्झ. ऐकायला छोटा वाटतो, पण आजच्या लेझरला एवढा फरक पकडणं अवघड नाही.

दुसरा मुद्दा, अणू थोडे आणि अल्पायुषी. खरंय, आणि म्हणूनच जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय या संशोधन केंद्रात २०१६ साली जे जमलं ते मला इतकं भारी वाटतं. शिशावर कॅल्शियम-४८ चा मारा केला की नोबेलियम-२५४ तयार होतं, सेकंदाला मोजके अणू, अर्धायुष्य ५१ सेकंद. ते आधी बाकीच्या कचऱ्यातून वेगळे करायचे, आरगॉन वायूत थांबवायचे, टँटलमच्या बारीक तारेवर गोळा करायचे, मग तार तापवून पुन्हा वायूत सोडायचे आणि लगेच दोन लेझर मारायचे. पहिल्या लेझरची फ्रिक्वेन्सी थोडी थोडी सरकवत जायची, ती नेमकी जुळली तरच इलेक्ट्रॉन वर जातो आणि दुसरा लेझर त्याला अणूबाहेर काढतो. असा आयन झालेला अणू डिटेक्टरकडे ओढला जातो आणि तिथे तुटताना ८.१ एमईव्ही एनर्जीचा अल्फा कण (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) सोडतो, त्यावरून कळतं की हा नोबेलियमच होता. फ्रिक्वेन्सी जराशी चुकली की असे अल्फा जवळपास येतच नाहीत, मग नुसत्या कॉम्प्युटरमधून आलेला आकडा असा चालू-बंद कसा होईल?

कॉम्प्युटरच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायलाच पाहिजे. फ्रिक्वेन्सी मोजलेली असते, पण तिच्यावरून त्रिज्येतला फरक काढायला इलेक्ट्रॉनच्या रचनेची गणितं लागतात. ज्या मूलद्रव्यांचे स्थिर समस्थानिक आहेत तिथे म्युऑनच्या अणूंवरून (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागी त्याचा जड भाऊ म्युऑन बसवलेले अणू) किंवा इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं (याच कामासाठी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉफस्टॅटरला १९६१ चं नोबेल मिळालं) पडताळणी होते. नोबेलियमला स्थिर समस्थानिकच नाही, त्यामुळे तिथे गणितावरची भिस्त जास्त आणि त्रुटीही जास्त, आणि ती त्रुटी निकालासोबत छापलेली असते. त्याला फसवणूक म्हणत नाहीत.

आता "केंद्रक गोलच असतं". नाही हो! १९७२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या आयसोल्ड या केंद्रात प्रकाशाच्याच पद्धतीनं पाऱ्याचे न्यूट्रॉन कमी असलेले समस्थानिक तपासले तेव्हा पारा-१८५ ची त्रिज्या एकदम उडी मारून वाढलेली दिसली. पुढे लेझरनं कळलं की १८१, १८३, १८५ हे लांबट आहेत आणि त्यांच्या मधले सम अंकांचे जवळजवळ गोल, म्हणजे एक न्यूट्रॉन कमी-जास्त झाला की शेप पालटतो. २०१८ मध्ये तिथेच १७७ पर्यंत पोचून दाखवलं की हा खेळ १८१ च्या खाली थांबतो. नोबेलियमही गोल नाही, अंड्याची दोन्ही टोकं सारखी केली तर जसं दिसेल साधारण तसं. नोबेलियम-२५३ च्या केंद्रकाला ९/२ स्पिन (स्वतःभोवतीच्या फिरण्यासारखा गुणधर्म) आहे त्यामुळे तिथे इलेक्ट्रॉन उचलणाऱ्या एका फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे एका रेषेच्या, तीन होतात, आणि त्यांच्या मधल्या अंतरांवरून केंद्रकाचा चुंबकीय गुणधर्म आणि लांबटपणा दोन्ही काढता येतात. २५२ आणि २५४ चा स्पिन शून्य, तिथे रेषा फुटत नाही, त्यामुळे त्रिज्येवरूनच अंदाज बांधावा लागतो.

राहिला उपयोगाचा प्रश्न. इतकी जड केंद्रकं प्रोटॉनच्या आपसातल्या ढकलाढकलीनं लगेच फुटायला हवीत, ती टिकतात ती आतल्या कवच-रचनेमुळे, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ठरावीक थरांत भरत जातात त्यामुळे. मग ती रचना साइजमध्ये दिसते का? शिशात १२६ न्यूट्रॉनना त्रिज्येच्या आलेखात स्पष्ट कोन दिसतो. २०२४ मध्ये फर्मियमचे समस्थानिक तपासले, काही जीएसआयच्या प्रवेगकात बनवलेले, काही रिॲक्टरमध्ये बनवून जर्मनीतल्याच माइन्त्स शहरात मोजलेले, आणि १५२ न्यूट्रॉनना, जिथे कवचाचा परिणाम एरवी जाणवतो, तिथे असा कोन आलाच नाही, त्रिज्या सरळ वाढत गेली. म्हणजे एवढ्या जड केंद्रकांची साइज कवचांपेक्षा केंद्रकाला द्रवाचा थेंब मानणाऱ्या जुन्या मॉडेलच्या जास्त जवळ जाते, आणि हे लेझरनं मोजल्याशिवाय कळलं नसतं.