‘ब्राउझरमध्ये नीट दिसते’ म्हणजे सर्व्हर रेंडरिंग तपासले असे नव्हे
वेबपाने बनवण्यासाठी रिॲक्ट, व्ह्यू यांसारखी जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क वापरणाऱ्यांमध्ये एक विधान मोठ्या आत्मविश्वासाने फिरत असते: कंपोनंटच्या, म्हणजे पानाच्या सुट्या भागांच्या, चाचण्या हिरव्या (पास) आहेत, शिवाय ब्राउझर चालवणाऱ्या एंड-टू-एंड चाचण्याही आहेत, तेव्हा सर्व्हर रेंडरिंगची (पानाचे एचटीएमएल आधी सर्व्हरवरच तयार करण्याची) वेगळी चाचणी लिहिणे हा वेळेचा अपव्यय होय. त्यामागे चार कारणे दिली जातात: कोड सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये एकच असतो, अंतिम पान ब्राउझरमध्ये दिसतेच, मधले काम फ्रेमवर्कने तपासलेले असते आणि अशा चाचण्या ऊठसूट मोडतात.

कोड एकच असतो हे खरे, पण तो चालतो ते वातावरण एक नसते. कंपोनंटच्या चाचण्या बहुधा जेएसडॉम या नकली ब्राउझरमध्ये चालतात आणि नोडमध्ये (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) विंडो, डॉक्युमेंट ही ब्राउझरची ऑब्जेक्ट उभी करून देणे हेच मुळी जेएसडॉमचे काम आहे. त्यामुळे रेंडर होतानाच विंडोची रुंदी वाचणारा कंपोनंट तिथे बिनबोभाट पास होतो आणि खऱ्या सर्व्हरवर पहिल्याच रिक्वेस्टला कोसळतो. उलट, यूजइफेक्टमधला (रेंडर झाल्यानंतर धावण्यासाठी रिॲक्टकडे सोपवलेला) कोड जेएसडॉममध्ये धावतो पण सर्व्हरवर कधीच धावत नाही. समजा दुकानाच्या पानावर वस्तूची किंमत यूजइफेक्टमध्ये भरली जात असेल, तर चाचणीला किंमत दिसते आणि सर्व्हरकडून मात्र ‘लोड होत आहे’ एवढेच जाते. यासाठी चाचणीच्या फाइलच्या माथ्यावर जेस्ट किंवा व्हायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनाकडे नोडचे वातावरण मागावे, रेंडरटूस्ट्रिंग या सर्व्हरवरच्या फंक्शनने एचटीएमएल काढावे आणि त्यात किंमत आहे का ते पाहावे. हे दहा ओळींचे काम आहे.

अंतिम पान ब्राउझरमध्ये दिसतेच, हे दुसरे कारण सर्वांत भक्कम वाटते, पण खरी गोम तिथेच आहे. सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलला ब्राउझरमधला कोड जोडला जातो, त्याला हायड्रेशन म्हणतात. तेव्हा सर्व्हरचा आणि ब्राउझरचा मजकूर जुळला नाही, तर रिॲक्ट १८पासून तो भाग ब्राउझरमध्ये नव्याने रेंडर केला जातो; आणि प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाची चाचणी अपेक्षित मजकूर दिसेपर्यंत थांबत असल्यामुळे, ती पाहते तोवर चूक पुसली गेलेली असते. उदाहरणार्थ, ‘आजची तारीख’ दाखवणारे पान घ्या. पुण्यातल्या लॅपटॉपवर सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही भारतीय वेळेवर चालतात, म्हणून तिथे काहीच बिघडत नाही. क्लाउडवरचा सर्व्हर मात्र बहुधा यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आणि मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंत तो भारतीय वाचकाला कालची तारीख पाठवतो. म्हणून चाचणीतच सर्व्हर यूटीसीवर आणि ब्राउझर आशिया/कोलकाता या वेळेवर ठेवून घड्याळ या साडेपाच तासांत आणावे, आणि हायड्रेशन करणाऱ्या हायड्रेटरूट या फंक्शनच्या ऑनरिकव्हरेबलएरर या पर्यायाकडे (रिॲक्टने स्वतः सावरलेल्या चुका तिथे कळतात) काहीही आले की चाचणी लाल (नापास) करावी. त्याच पानाची एक चाचणी जावास्क्रिप्ट बंद ठेवूनही चालवावी. प्लेराइटमध्ये तशी सोय आहे.

अर्थात ब्राउझरला इथे पर्याय नाही, हेही मान्य करायला हवे. पी (परिच्छेद) टॅगच्या आत डिव्ह टॅग टाकला, जे एचटीएमएलच्या नियमांत बसत नाही, तरी रेंडरटूस्ट्रिंग एचटीएमएल बनवून देते. ब्राउझरचा पार्सर मात्र पी आधीच बंद करतो आणि हायड्रेशन बिनसते. नुसती स्ट्रिंग तपासणाऱ्याला हे कळणार नाही.

फ्रेमवर्कने स्वतःचा कोड तपासलेला असतो, आपला नव्हे. मॉड्यूलच्या (कोडच्या फाइलच्या) पातळीवर ठेवलेला स्टोअर, म्हणजे डेटाचा साठा, ब्राउझरमध्ये एका वापरकर्त्यापुरता असतो. सर्व्हरवर तोच स्टोअर एका नोड प्रोसेसमध्ये येणाऱ्या सगळ्या रिक्वेस्टना सामाईक होतो आणि एकाचे नाव, पत्ता दुसऱ्याच्या पानात जाऊ शकतो. व्ह्यूच्या अधिकृत दस्तऐवजांत या धोक्याची स्पष्ट सूचना आहे. एका वेळी एकच वापरकर्ता चालवणाऱ्या एंड-टू-एंड चाचणीला हे कधीच दिसत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या लॉगिनच्या दोन रिक्वेस्ट एकाच वेळी सोडाव्यात, पहिलीचा डेटा मुद्दाम उशिरा येऊ द्यावा आणि एकीच्या एचटीएमएलमध्ये दुसरीचे नाव नाही याची खात्री करावी. एकच सर्व्हर चाचणी लिहायला वेळ असेल, तर माझ्या मते ती हीच असावी.

राहिला ऊठसूट मोडण्याचा मुद्दा. ही तक्रार बहुधा अख्ख्या पानाचे स्नॅपशॉट (तुलनेसाठी जपलेली एचटीएमएलची प्रत) ठेवणाऱ्यांची असते, आणि क्लासचे नाव बदलले तरी ते मोडणारच. शीर्षक, किंमत, कॅनॉनिकल दुवा (शोधयंत्रांसाठी दिलेला पानाचा मुख्य पत्ता) आणि सर्व्हरच्या उत्तराचा स्टेटस कोड एवढेच तपासणारी चाचणी रंगरूप बदलल्याने मोडत नाही. जे पान लॉगिनच्या मागे आहे आणि सर्व्हरकडून नुसता रिकामा सांगाडाच पाठवते, त्यासाठी मात्र तीही लिहू नये.