मुकुट लूव्रचा, आळ रेनाकवर

विद्वानांची टिंगल करायची झाली की एक मजकूर हमखास फिरवला जातो. त्याचा गोषवारा असा: 'लूव्र संग्रहालयाचा प्रमुख, महापंडित सालोमाँ रेनाक याने १८९६ साली दोन लाख फ्रँक मोजून सैताफार्नेस नावाच्या राजाचा सोन्याचा मुकुट विकत घेतला. सात वर्षं एकाही तज्ज्ञाला शंका आली नाही. शेवटी ओदेसाचा एक अडाणी सोनार आला आणि म्हणाला, हा तर मीच घडवलाय. आयुष्यभर ग्रीक-लॅटिन घोकलेल्या माणसाला मातीतलं काय कळणार?'

यातलं सोनं खोटं नाही, रक्कम खरी, साल खरं, फजितीही खरी. पण ज्याच्या नावावर ती खपवली जाते तो माणूस चुकीचा आहे, आणि 'कोणालाच कळलं नाही' ही तर चक्क थाप आहे.

आधी माणसाचं बघू. सालोमाँ रेनाक हा फ्रेंच पुरातत्त्वज्ञ, पण लूव्रचा प्रमुख तो कधीच नव्हता. तो पॅरिसजवळच्या सँ-जेर्मँ-आँ-ले इथल्या राष्ट्रीय पुरावस्तू संग्रहालयात होता. १८८६ साली तिथे सहायक म्हणून लागला, १९०२ मध्ये प्रमुख झाला आणि १९३२ साली वारला तोवर तिथेच होता. लूव्रशी त्याचा संबंध म्हणजे तिथल्या विद्यालयात व्याख्यानं देणं. १८९६ साली मुकुट घेतला तो राष्ट्रीय संग्रहालयांचा संचालक आल्बेर केम्फेन आणि लूव्रच्या ग्रीक-रोमन विभागाचा प्रमुख एराँ द व्हिलफॉस यांच्या कारकिर्दीत. संसदेची मंजुरी यायला वेळ लागणार होता, म्हणून मधल्या काळापुरते पैसे दोघा खासगी गृहस्थांनी उभे केले. त्यातला एक थिओडोर रेनाक, म्हणजे सालोमाँचा धाकटा भाऊ. घोळ इथे झाला.

हे तिघे भाऊ: जोझेफ, सालोमाँ, थिओडोर. तिघेही इतके हुशार की त्यांच्या आद्याक्षरांवरून (J, S, T) पॅरिसमध्ये 'Je sais tout', म्हणजे 'मला सगळं ठाऊक आहे', असा विनोद रूढ झाला होता. थोरला जोझेफ राजकारणी, देशद्रोहाच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहिलेला. घर ज्यू. मुकुटाचं बिंग फुटलं १९०३ मध्ये, ड्रेफस प्रकरणाची धग अजून विझलेली नसताना. ज्यूविरोधी वृत्तपत्रांना 'रेनाक' एवढं आडनाव पुरेसं होतं. कोणता भाऊ, याची चौकशी कोण करतो! आज मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना ही पार्श्वभूमी माहीत नसेल, पण आळ मुळात कोणत्या गोटात वाढला ते माहीत असायला हवं.

आता 'सात वर्षं कोणाला कळलं नाही'. खरेदीच्याच वर्षी म्युनिकच्या आडोल्फ फुर्टव्हेंग्लर या पुरातत्त्वज्ञाने छापून सांगितलं की हा मुकुट बनावट आहे. पीटर्सबर्गच्या वेसेलोव्हस्की या अभ्यासकानेही तेच म्हटलं. लूव्रने ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी. यात राष्ट्राभिमानाचा भाग मोठा होता: जर्मन माणसाने फ्रेंच संग्रहालयाची चूक काढायची म्हणजे काय!

फुर्टव्हेंग्लरने काय पाहिलं ते थोडं जवळून बघण्यासारखं आहे. मुकुट म्हणजे उंच, शंकूसारखी सोन्याची टोपी. एका पट्ट्यात सिथियन या काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या लोकांचं रोजचं जीवन, दुसऱ्यात होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यातले प्रसंग, पॅट्रोक्लसच्या चितेसकट. मधे ग्रीक लेख: ओल्बियाची सभा आणि जनता यांच्याकडून महान, अजिंक्य राजा सैताफार्नेस याला. जमिनीत दोन हजार वर्षं पडलेल्या वस्तूला पोचे येणारच, इथेही होते. पण सगळे पोचे मोकळ्या जागी. एकाही आकृतीच्या नाकाला धक्का नाही. काळाने एवढी काळजी घेतलेली कोणी पाहिली आहे?

आणि तो लेखच घ्या. ओल्बिया ही काळ्या समुद्राकाठची ग्रीक वसाहत. तिथला प्रोटोजेनेस नावाच्या धनिकाच्या सन्मानार्थ कोरलेला एक शिलालेख अभ्यासकांना आधीपासून ठाऊक होता. त्यात सैताफार्नेस हा राजा शहराकडून भेटी उकळतो, असा उल्लेख आहे. म्हणजे या राजाला शहराने काहीतरी मौल्यवान दिलं असणार, हे कोणाही वाचकाच्या मनात येणार. बनावटीचा सूत्रधार, ओचाकोव्हचा व्यापारी होखमान, याने नेमकी तीच जागा भरली. पुस्तकी लोकांना पुस्तकात बसेल अशीच वस्तू विकली. त्यामुळे दोष वाचनाचा नाही. हवी तशी वस्तू हाती आल्यावर ती निरखून न बघण्याचा आहे.

'अडाणी सोनार' हा शब्द तर मला खटकतोच. इस्राएल रुखोमोव्हस्की हा स्वतःच्या हिमतीवर शिकलेला, असामान्य हाताचा कोरीवकाम करणारा होता. छापील चित्रसंग्रह समोर ठेवून त्याने ती दृश्यं उतरवली. फसवणुकीचा बेत आपल्याला ठाऊक नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. तो आपणहून येऊन उभा राहिला, हेही खरं नाही. आधी मोंमार्त्रमधल्या एका कलाकाराने 'मुकुट माझा' असा भलताच दावा केला, वर्तमानपत्रं पेटली, आणि त्यानंतर रुखोमोव्हस्कीचं नाव पुढे येऊन त्याला पॅरिसला आणलं गेलं. तिथे त्याचा दावा तपासायला कोण बसलं? शार्ल क्लेर्मों-गानो. हाही प्राचीन भाषा आणि शिलालेखांचाच पंडित, आणि मवाब या मृत समुद्राजवळच्या प्राचीन राज्याच्या नावाने खपवलेल्या बनावट मूर्तींचं कारस्थान यानेच पूर्वी उघडं पाडलेलं. त्याने रुखोमोव्हस्कीला मुकुटाचा एक तुकडा पुन्हा घडवायला लावला. त्याने तो घडवला. प्रश्न मिटला. पुस्तकी पंडिताने कारागिराच्या हाताची साक्ष काढली, असा हा शेवट आहे.

राहिलं 'मातीतलं काय कळणार'. बाविसाव्या वर्षी, १८८० साली, अभिजात भाषाशास्त्रावर हातपुस्तक छापणारा रेनाक त्याच सुमारास अथेन्सच्या फ्रेंच विद्यालयातून स्मर्नाजवळच्या (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) मिरिना इथे कबरी खणत होता, एडमाँ पोतियेबरोबर. भाजक्या मातीच्या छोट्या मूर्तींचं भांडार तिथे मिळालं. पुढे किमे, थासोस, लेसबोस, कार्थेज. नंतर त्याने ग्रीक-रोमन मूर्तींची जी सूची केली, तिच्यात हजारो मूर्तींची साधी रेखाचित्रं दाटीवाटीने आहेत. देखणी मुळीच नाहीत, पण महागड्या ग्रंथांना मुकलेल्या अभ्यासकाला तुलना करता यावी म्हणून.

मग रेनाक निष्कलंक होता का? मुळीच नाही. त्याच्या खऱ्या चुकीचं नाव ग्लोझेल. १९२४ साली व्हिशीजवळच्या या वाडीत एमिल फ्रादँ या शेतकऱ्याच्या पोराला खड्डा लागला आणि त्यातून अक्षरांसारख्या खुणा असलेल्या मातीच्या पाट्या निघू लागल्या. रेनाकने त्या नवाश्मयुगीन, म्हणजे धातूंच्या आधीच्या दगडी हत्यारांच्या काळातल्या, म्हणून उचलून धरल्या. १९२७ साली आंतरराष्ट्रीय समितीने विरुद्ध निकाल दिला, तरी तो हटला नाही. पुढे १९७०च्या दशकातल्या चाचण्यांत काही वस्तू जुन्या निघाल्या, पण नवाश्मयुगाइतक्या नाहीत.

तो एवढा का अडून बसला? टिळकांचा 'ओरायन' आला त्याच १८९३ साली रेनाकने एक गाजलेला निबंध लिहिला होता: युरोपातलं सगळं पूर्वेकडूनच आलं, हा समज म्हणजे मृगजळ आहे. ग्लोझेलच्या पाट्या खऱ्या ठरल्या असत्या तर लिपी फ्रान्सच्याच मातीत उगवली असं म्हणता आलं असतं. तीस वर्षं जपलेलं मत अचानक जमिनीतून वर येताना दिसलं, आणि मिरिनाच्या कबरी स्वतः उकरलेला, बनावटीचा बाजार पाहिलेला हा माणूस त्यापुढे विरघळला. टीका करायचीच असेल तर ती इथे करा.