कुलूप कुणाचं?

आमचा वरचा मजला परवा रिकामा झाला. गेले तीन महिने इथे इंदूरच्या रामबागेत जो भेटेल तो विचारायचा, "काढलं का त्याला?" म्हणून सगळं एकदाच लिहिते.

भाडेकरू तसे सभ्य. पाच तारखेच्या आत भाडं यायचं. पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे करारात स्पष्ट होतं. जिन्यातल्या चपला वाढल्याचं आधी आईच्या लक्षात आलं. दोन जोडांचे सहा झाले. विचारलं तर म्हणे पाहुणे आलेत. पाहुणे दीड महिना हलले नाहीत. मग कळलं, आतली खोली भंवरकुआंला कोचिंगला जाणाऱ्या चार मुलांना दिली होती, दर कॉटमागे पैसे घेऊन.

माझा संताप झाला. शेजारचे काका म्हणाले, "मोटार बंद ठेव, आठ दिवसांत पळतील." मी ठेवली. इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे वरची टाकी संध्याकाळीच कोरडी पडली. त्यातला एक मुलगा बादली घेऊन दारात उभा राहिला, "आंटी, थोड़ा पानी मिलेगा?" सतरा वर्षांचा असेल. त्याने तर ठरलेले सगळे पैसे मोजले होते. मला फार लाज वाटली. मोटार तेव्हाच सुरू केली.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. पाणी-वीज तोडणं कायद्यानेच मना आहे, हे त्यांनी आधी सुनावलं. मग विचारलं, "त्या खोलीला कुलूप कुणाचं?" नुसतं कुणी राहतंय एवढ्याने पोटभाडं ठरत नाही, खोलीचा ताबा दुसऱ्याच्या हातात गेलाय, हे दाखवावं लागतं. कुलूप मुलांचं होतं, किल्लीही त्यांच्याकडेच.

आपल्याकडे समज असा की अकरा महिन्यांचा करार संपला किंवा मोडला की भाडेकरूला बाहेर काढता येतं. तसं नाही. मध्य प्रदेशात 1961 चा स्थान नियंत्रण अधिनियम, म्हणजे भाड्याच्या जागांचा कायदा आहे. घर खाली करवायला त्याच्या कलम 12 मधलं कारण लागतं, आणि भाडेकरू स्वतःहून गेला नाही तर कोर्टाचा हुकूम. पोटभाडं हे त्यातलं एक कारण. थकलेलं भाडं हे दुसरं, पण तिथे आधी मागणीची नोटीस, आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत सगळी बाकी आली नाही तरच दावा. दावा लागल्यावरही त्याने कोर्टात नियमाने भाडं भरलं तर पहिल्या वेळी तो वाचू शकतो. मला हे योग्य वाटतं. दोन महिने पगार अडकला म्हणून कुणाचा संसार रस्त्यावर येऊ नये.

चुकतो ते आपण घरमालक. करार कपाटात ठेवतो आणि भांडणाच्या दिवशीच बाहेर काढतो. चपला वाढल्या त्याच आठवड्यात मी दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. गप्प बसून भाडं घेत राहिलं की उद्या तीच आपली संमती म्हणून पुढे केली जाते.

वकिलांची नोटीस स्पीड पोस्टने गेली. आठवड्याने भाडेकरू स्वतः खाली आले, बसून बोलणं झालं. मुलांची परीक्षा होईपर्यंतची मुदत मी दिली, तीही लेखी. जायच्या दिवशी मीटर बघून विजेचे पैसे वजा केले, बाकी डिपॉझिट तिथेच परत केलं आणि ताबा मिळाल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. चारांपैकी दोन मुलं इंदूरलाच थांबली आहेत. त्यांना आईने मागच्या गल्लीत खोली मिळवून दिली.